नांगराच्या साखळीवर हात

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुणीही टरबूज आणलं की ते आधी आमच्या ओट्यावर यायचं. कारण आमचे हे. वणीजवळच्या सरकारी कोळसा खाणीत ह्यांनी तेहेतीस वर्षं जमिनीखाली काम केलं, त्यातली वीस सरदार म्हणून. सरदार म्हटलं की लोकांना घोडा आणि तलवार आठवते. खाणीतल्या सरदाराकडे फक्त काठी असते, टोकाला लोखंडी टोपण बसवलेली. पाळीतली माणसं कामाला लागायच्या आधी त्याने एकट्याने पुढे जायचं, काठीने वरचं छत ठोकायचं, दुसऱ्या हाताचा पंजा छताला लावायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर छत चांगलं. भदभद वाजलं तर वर पोकळी आहे, ते केव्हाही खाली येईल. मग तिथे खडूने फुली मारायची. त्या फुलीच्या पुढे कुणी जायचं नाही, साहेब असला तरी. सरदाराने ‘ठीक’ म्हटल्यावरच चाळीस माणसं आत शिरायची.

ती सवय घरी आली नसती तरच नवल. हे भिंत ठोकायचे, माठ ठोकायचे, मुलीच्या पुण्यातल्या फ्लॅटचा प्रत्येक खांब ठोकून आले. मला बघायला बाभुळगावला आले होते तेव्हा पोहे खाता खाता आमच्या बैठकीची भिंत ठोकून पाहिली. ते गेल्यावर माझे वडील म्हणाले, “पोरगी पाहाले आल्ते का घर इकत घ्याले?” टरबुजाच्या बाबतीत मात्र ह्यांचा शब्द शेवटचा. एक थाप मारायचे आणि सांगायचे, लाल आहे, कापा. कधी चुकले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात ओळीने तीन टरबुजं पांढरी निघाली. “आजकालचं बियाणंच खराब आहे,” हे म्हणाले. गल्लीने मान डोलावली. मी डोलावली नाही. त्याच आठवड्यात कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या होत्या आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. डाळ करपली तेव्हा वास आला म्हणून उठले. मी पाठमोऱ्या ह्यांना हळूच हाक मारून पाहिली. मग थोडी मोठ्याने. मग समोर जाऊन ओठ हलवले, आवाज काढलाच नाही, “चहा घेता का?” हे म्हणाले, “अर्धा कप.”

तेव्हा मला कळलं. आणि मी कुणालाही सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

का नाही सांगितलं याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. कान गेलेल्या सरदाराला खाली पाठवत नाहीत, वर कुठेतरी गेटवर स्टूल देऊन बसवतात. अशा एका माणसाबद्दल हे म्हणाले होते, “त्याचं काय जगणं आहे.” खाणीतली कान-डोळ्यांची तपासणी नुकतीच होऊन गेली होती, पुढची यायला अवकाश होता, तोवर रिटायर होतीलच असा हिशेब मी मांडला. आणि खरं सांगायचं तर मला सरदाराची बायको म्हणवून घेणं आवडायचं. मी अंगणवाडीत काम करते. तीस पोरांपुढे ओरडून माझा आवाज असा झाला आहे की मी घरात बोलले तर चौकात कळतं. त्यामुळे ह्यांना कमी ऐकू येतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. लोक म्हणायचे, बाई बोलते, बिचारा बुवा चूप असते.

पण त्या दिवसापासून माझं बूड टेकेना. ह्यांची पाळी सुरू असली की मी एका जागी दहा मिनिटं बसत नसे. अंगणवाडीत खिचडी वाढताना माझं लक्ष रस्त्यावर, खाणीची बस यायच्या वेळेवर. रात्रपाळी असली की घरात येरझारा. शेजारीण म्हणायची, “काय व, पायाले भिंगरी लावली काय?” मी हसायचे. दुसरं काय करणार? ह्यांच्या भागात छत पडलं नाही. ह्यांच्या पंजाने पेललं असेल, नाहीतर नुसतं नशीब. हे रिटायर झाले त्या रात्री मी दहा तास झोपले.

आठच महिने ते सुख टिकलं. कारण आता ह्यांच्या पायाला भिंगरी लागली. पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, डबा नसलेली पिशवी काखेत मारून हे बसथांब्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. दिवसभर ओट्यावर उठबस. कोळशाचे ट्रक मोजायचे. आणि एका मंगळवारी फोन आला. ह्यांच्याच पाळीत वर्षानुवर्षं काम केलेला एक पोरगेला माणूस आता एका कंत्राटदाराकडे मोठ्या कामावर लागला होता. जुनी बंद पडलेली खाण पुन्हा उघडायची होती, तिथे छत ठोकायला सरदार हवा होता. मी नेहमीप्रमाणे फोनचा आवाज मोठा केला आणि त्याचा प्रत्येक शब्द ह्यांच्यासमोर पुन्हा बोलले. रेंज नसते आमच्याकडे, असं निमित्त.

“काका, तुमच्यासारखा कान कुठी भेटते? सोमवारपर्यंत सांगा.”

ह्यांनी संध्याकाळी कपाटावरून काठी काढली आणि तिचं टोपण घासून चकचकीत केलं. मी भाकरी थापत होते. तवा तापून लाल झाला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी आमची अंदमानची तिकिटं होती. मुलीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून काढलेली. शुक्रवारी दुपारी शिडाच्या नावेत बसायचं, तीन-चार बेटांना वळसा घालायचा, रात्री एका खाडीत नांगर टाकून नावेतच झोपायचं आणि सकाळी परत. फोनवर ती म्हणाली, “आई, तुम्ही दोघं कधी कुठी गेलेच नाही.” खरंच होतं. समुद्र मी साठीला आले तरी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नाहीतर पैनगंगा, आणि त्याही नद्या पाऊस असला तर. मी मनात ठरवलं, चार दिवस माणूस खाणीपासून लांब राहील, तेवढ्यात योग्य वेळ पाहून बोलू. वेळ मी तीन वर्षं पाहतच होते म्हणा.

नाव माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. पुढे खाली उतरून झोपायची एक खोली, तिथे उभं राहिलं की डोकं वर टेकतं. मागे सुकाणू. नावाडी पन्नाशीचा, एकटाच. त्याचे आजोबा रांचीकडून बेटावर मजुरीला आले होते. हिंदी बोलायचा, आणि आमच्या हिंदीला हसला नाही, त्यामुळे मला आवडला. शीड फुगलं तशी नाव एका अंगावर कलली. मी ओरडले. हे कठड्याला धरून मजेत उभे होते. जमीन डोक्यावर असण्याची सवय झालेल्या माणसाला पायाखाली नसली तर काय फरक पडतो?

मी बसले, उठले, पुन्हा बसले, चिवड्याचा डबा उघडला, बंद केला. नावाडी म्हणाला, “दीदी, नाव में जितना हिलोगे, उतना चक्कर आएगा.” मी म्हणाले, मी घरीही अशीच आहे.

पहिलं बेट पाण्याच्या काठापर्यंत झाडांनी गच्च भरलेलं होतं. हे म्हणाले, “पांढरकवड्याकडचं जंगल उचलून पाण्यात ठेवल्यावानी दिसते.” दुसऱ्यावर दिवाबत्तीचा मनोरा. तिसऱ्याच्या काठावर मेलेली झाडं आडवी पडलेली, समुद्राने धुऊन हाडांसारखी पांढरी. पाणी इतकं स्वच्छ होतं की खालचे दगड दिसायचे. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पण सुंदर गोष्ट पाहायला मन जागेवर लागतं. माझं मन सोमवारी जाऊन बसलं होतं. प्रत्येक बेटाला वळसा घालताना मी ठरवायची, हे बेट संपलं की सांगते. बेट संपायचं आणि हे काहीतरी बोलायचे. खाणीबद्दलच. नव्या माणसांना छत ठोकायला कसं शिकवायचं, पहिल्या आठवड्यात काय करायचं. आठ महिन्यांत मी ह्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

सूर्य कलल्यावर नावाडी एका लहान खाडीत शिरला. तिन्ही बाजूंनी टेकड्या, आत शांत पाणी. त्याने नांगर सोडला, साखळी घरघरत खाली गेली. आम्ही खालच्या खोलीत अंथरूण पाहायला उतरलो. आणि ह्यांनी जे करायचं तेच केलं. डाव्या हाताचा पंजा छताला लावला आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी ठोकलं.

नावेचं छत ते, पातळ फळीचं. रिकामा पिपा वाजावा तसं वाजलं. भद, भद, भद.

“पक्कं आहे,” हे म्हणाले. “झोप आरामात.”

दारातून वाकून पाहणाऱ्या नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने त्याला विचारलं, चिवडा तिखट लागेल का तुम्हाला? आमच्याकडचा जरा झणझणीत असतो.

जेवण झालं. नावाडी कालही झोपला नव्हता, सारखा जांभया देत होता. हे काही झोपायचं नाव काढीनात. तेव्हा तो ह्यांच्यासमोर बसून, चेहऱ्याकडे पाहत, सहज म्हणाला की काका, तुम्ही जागेच आहात तर एवढं करा. वारा फिरला तर कधी नांगर सुटतो, तळाशी घासत जातो. साखळी खडखड आवाज करते. तसा आवाज आला की मला उठवा. तशी माझी झोप कुत्र्याची आहे, पण चार कान असले तर बरं.

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाठ ताठ. आठ महिन्यांनी कुणीतरी पाळी लावली होती. “ठीक,” हे म्हणाले, अगदी त्या आवाजात, जो मला फक्त ऐकून माहीत होता, कारण खाणीत मी कधी गेले नाही. पुढच्या टोकाला, जिथून साखळी पाण्यात जात होती, तिथे मांडी घालून बसले. अंगावर माझी शाल.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी खाली जाऊन आडवी झाले.

झोप कुठली? नाव हलत होती, पाणी फळीला चापट मारत होतं. प्रत्येक आवाजाला मी डोळे उघडायची. कूस बदलायची. ह्यांच्या तरुणपणी, रात्रपाळीला गेल्यावर, मी मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत झोपी जायची. त्या रात्रीही म्हणून पाहिली, पण मधली ओळच आठवेना, सुरुवातीपासून पुन्हा म्हणायची, पुन्हा तिथेच अडकायची. मग केव्हातरी वारा बदलला. छताच्या खिडकीतून दिसणारे तारे हळूहळू सरकले, म्हणजे नाव फिरली. आणि माझ्या डोक्याखालून, फळीच्या पलीकडून, आवाज आला.

खड. खडखड. घर्रर्र.

थांबला. पुन्हा आला. जात्यात दगड अडकावा तसा.

साखळी ह्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. मी वाट पाहिली. हे आता उठतील, आता हाक मारतील. ऐकू येईल, एवढं मोठं तर आहे. खडखडखड. मी मोजत होते का प्रार्थना करत होते कोण जाणे. मला वाटलं, देवा, एवढं एक ऐकू दे, मग मी सगळं विसरून जाईन, ह्यांना खाणीत जाऊ देईन. असा सौदा करते मी, आणि देव मानत नाही म्हणते.

वर काहीच हललं नाही. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मी तेच करते आहे. खाली झोपून, आवाज ऐकून, चूप. बाजूला खडक होते, संध्याकाळी मीच पाहिले होते.

मी धडपडत वर आले. हे बसले होते, साखळीकडे तोंड करून, टक लावून, मन लावून. इतक्या मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. माझा पाय फळीवर आपटला तरी मान वळली नाही. मी ह्यांच्याकडे न जाता मागे गेले आणि नावाड्याला हलवलं. तो बसता बसताच त्याला खडखड ऐकू आली. पुढे बसलेल्या ह्यांच्या पाठीकडे त्याने पाहिलं, मग माझ्याकडे. संध्याकाळच्या भदभदीचाही हिशेब त्याला लागला असावा. 

पुढे जाऊन तो ह्यांच्या शेजारी उकिडवा बसला. हे दचकले, मग हसून म्हणाले, “सब ठीक है.” नावाड्याने ह्यांचा डावा हात धरला आणि साखळीवर ठेवला. वर आपला हात.

मी ह्यांचा चेहरा बॅटरीच्या उजेडात पाहत होते. आधी काही कळलं नाही. मग पंजा साखळीवर घट्ट झाला. वीस वर्षं छताला लावलेला तो पंजा, तो काही विसरला नव्हता.

“सरकून राह्यला,” हे म्हणाले.

“हाँ काका. कब से.”

नावाडी इंजिन चालू करायला मागे पळाला. हे तसेच बसले, हात साखळीवर. मग वळून त्यांनी मला पाहिलं, मी उभी होते ती जागा, माझा उघडा पडलेला चेहरा. मी कुठून आले, आधी कुणाकडे गेले, सगळं त्यांना दिसलं. नांगर वर घेऊन दुसऱ्या जागी टाकायला घटकाभर लागला. खडक लांब राहिले. काही बिघडलं नाही.

सकाळी परत निघालो. शिडात चांगला वारा होता. नावाड्याने काळा चहा दिला. हे कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत. शेवटचं बेट मागे पडल्यावर माझ्यासमोर येऊन बसले, जिथून माझे ओठ दिसतात तिथे.

“तुले कधीपासून मालूम आहे?”

मी म्हणाले, “तुम्ही रिटायर झाले तवापासून.”

खोटं. त्या क्षणीही खोटं. तोंडात जे आलं ते बोलले.

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुमाले वाईट वाटंन म्हणून जी.”

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “खराब छत डोळ्यानं पाह्यते, अन् फुली मारत नाही, अशा माणसाले आमी पाळीत ठेवत नव्हतो. लाकडाचा खांब चोरला तरी चालते. हे नाही चालत.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी रडलेही नाही. परतीच्या विमानात, नागपूरला, वणीच्या बसमध्ये, आम्ही पाणी देऊ का, खिडकी लावू का, एवढंच बोललो. प्रत्येक वेळी हे माझ्या तोंडाकडे पाहायचे. आधीही पाहतच असणार. आता मला ते पाहणं सोसेना, मी पदर तोंडाशी धरायची आणि मग लक्षात यायचं की असं केलं तर त्यांना कळायचं कसं? पदर खाली घ्यायची.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ओट्यावरच्या दिवाणावर, ह्यांच्या मांडीपासून वीतभर. हे ट्रकांकडे पाहत होते. इतकी वर्षं मी धावत येऊन फोन घ्यायची, घरातून ओरडत, आले आले. त्या दिवशी चालत आले, फोन उचलला आणि वाजत असतानाच ह्यांच्या पंजात ठेवला. फोनची थरथर हाताला लागली तसे हे चमकले. माझ्याकडे पाहिलं. मी आवाज मोठा केला आणि बाजूला बसले.

“काका, मंग काय ठरलं?”

हे ओरडूनच बोलले, “मले आयकू येत नाही. दुसरा माणूस पाहा.”

पलीकडे हसण्याचा आवाज. रेंज नाही वाटते, असं काहीतरी.

“रेंज आहे. कान नाही. कान गेले माहे.”

गल्लीतून जाणारी बाई थबकली.  पलीकडचा माणूस फार हळू बोलला, इतकं हळू की ते ह्यांच्यासाठी नव्हतंच. “कधीपासून, काका? मी सहा वर्षं तुमच्याच पाळीत होतो. तुमी ठोकलेल्या छताखाली.”

हे माझ्याकडे पाहू लागले. “काय म्हणते थो?”

“इचारून राह्यले,” मी म्हणाले, “कधीपासून.”

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. “हे तू सांग. तुलेच मालूम.”

बोटीवर मी जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगता आलं असतं. ह्यांना तेच अपेक्षित होतं. त्या पोराची बायको मला माहीत आहे, तिची दोन्ही लेकरं माझ्याच अंगणवाडीत शिकली. तो पाळीला असायचा तेव्हा ती गाढ झोपायची, कारण सरदारकाका पुढे असतात.

“तीन वर्षं,” मी म्हणाले.

 हे माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं, मला दिसत होतं की कळलं आहे. तरी कानामागे हात धरून, पहिल्यांदाच माझ्यासमोर तसा हात धरून, त्यांनी विचारलं, “किती?”

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.